जशी आज्ञा

लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आहे आणि तिचे स्वभावविशेष दोन: सांगाल ते ती ऐकते, आणि घडेल ते सगळे सांगते. घरच्या टेबलावर तिच्यापायी जो मनस्ताप होतो, त्यातला बहुतेक या दोन सद्गुणांमुळेच होतो. आपण हौसेखातर असे काहीतरी लिहीत आहोत, फार मोठे काही नाही, असे हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक झाडून सारे लिनक्सवर चालतात, आणि २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरच्या पोटातही लिनक्सच होते. मात्र महासंगणकाला ब्लूटूथचे हेडफोन जोडावे लागत नाहीत आणि मंगळावर प्रिंटर नाही. प्रस्तुत विवेचन पृथ्वीवरच्या, टेबलावर ठेवलेल्या संगणकापुरते मर्यादित आहे.

लिनक्सकडे काही माणसे तत्त्वासाठी येतात. उरलेली, म्हणजे जवळजवळ सगळी, जुना लॅपटॉप घेऊन येतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय ज्यांच्यात नाही असे कित्येक धडधाकट लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. अशा वेळी कुटुंबातला एखादा भाचा म्हणतो, "मामा, लिनक्स टाकून देतो, मस्त पळेल." हे अगदी खरे असते. तो पळतो. भाचाही रविवारी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला पळतो, आणि पुढचे सगळे मामाला एकट्याने निस्तरावे लागते.

लिनक्स नावाची वस्तू तशी मिळत नाही. मिळतात त्या तिच्या डिस्ट्रो, म्हणजे वेगवेगळ्या मंडळींनी बांधून दिलेल्या तयार आवृत्त्या. स्लॅकवेअर आणि डेबियन १९९३ च्या, आर्च २००२ ची, फेडोरा २००३ ची, उबुंटू २००४ ची. उबुंटू तर २०११ पर्यंत मागेल त्याच्या घरी पोस्टाने फुकट सीडी पाठवत असे. ही सगळी भाऊबंदकी आहे. डेबियनपासून उबुंटू निघाली, उबुंटूपासून मिंट निघाली, आणि उद्या उबुंटू नाहीशी झाली तर हाताशी असावी म्हणून मिंटवाल्यांनी थेट डेबियनपासून दुसरी एक मिंट काढून ठेवली. "कुठली घेऊ?" असे जाणकाराला विचारले तर तो स्वतःची सांगतो आणि आठवडाभरात स्वतः दुसरीवर जातो. आर्चवाला न विचारताच सांगतो. नवख्याने मिंट किंवा उबुंटू घ्यावी यावर मात्र सर्वांचे एकमत आहे. नवखा ते ऐकून घेतो आणि ज्या डिस्ट्रोचे वॉलपेपर चांगले दिसेल ती घेतो.

डिस्ट्रो पेनड्राइव्हवर चढवून त्यावरून लॅपटॉप सुरू केला की डिस्कला हात न लावता ती चालवून पाहता येते. याला लाइव्ह म्हणतात. पटली तर टाकायची. टाकताना इन्स्टॉलर विचारतो की अख्खी डिस्क पुसायची की विंडोजच्या शेजारी बसायचे. इथे सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह दिसत नाहीत. दिसतात ती एसडीए एक, एसडीए दोन अशी नावे. लग्नाचे फोटो डी ड्राइव्हमध्ये आहेत एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्याला या यादीतला डी कुठला हे कळायला मार्ग नसतो, आणि हे मामीला विचारणेही शहाणपणाचे नसते. 'पुसा' म्हटले की इन्स्टॉलर एकदा खात्री करून घेतो आणि पुसतो. कचऱ्याच्या डब्यात महिनाभर जपून ठेवत नाही.

विंडोजच्या शेजारी बसवले तर पहिले भांडण घड्याळावरून होते. लॅपटॉपच्या मदरबोर्डवर सेलवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज त्यातली वेळ स्थानिक समजते, लिनक्स ती यूटीसी, म्हणजे ग्रिनिचची, समजते. दोघीही आपापल्या पाळीत ते बरोबर करून ठेवतात, त्यामुळे दुसरीचे चुकते. सकाळचे दहा वाजलेले असताना विंडोज साडेचार दाखवते. हा घोटाळा काय आहे हे इतर देशांत कळायला वेळ लागत असेल; भारतात साडेपाच तासांचा फरक दिसला की शाळेतला भूगोल आपोआप जागा होतो. उपाय एका ओळीचा आहे. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगायचे. ती पाळते, पण त्यानंतर कधीही वेळेची चौकशी केली की हे काही बरे नव्हे असे बजावणारा परिच्छेद शेवटी ऐकवते.

वायफायची अडचण त्याहून जुनी आहे आणि तर्काच्या दृष्टीने निर्दोष आहे. काही वायफाय चिपांना, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, चालण्यासाठी फर्मवेअर नावाची फाइल लागते. ती वाटण्याचा परवाना नसेल तर डिस्ट्रो ती सोबत देत नाही. इंटरनेटवरून उतरवून घ्या म्हणते. इंटरनेट वायफायवर आहे. डेबियन तर मुक्त नसलेले फर्मवेअर तत्त्व म्हणूनच आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. २०२२ मध्ये सभासदांचे रीतसर मतदान झाले, तेव्हा कुठे हे सोवळे सुटले, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून ते सोबत मिळू लागले. अजूनही अडले तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करावे. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. म्हणजे खिशातल्या लिनक्सने टेबलावरच्या लिनक्सला इंटरनेट पुरवायचे. खिशातलीला वायफायचा त्रास झाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

पडदा काळा राहिला तर दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो. एनव्हिडियाने आपल्या कार्डांची माहिती वर्षानुवर्षे मुठीत ठेवली. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्सने या विषयावरचे आपले मत भर सभेत कॅमेऱ्याकडे पाहून एका बोटाने व्यक्त केले. कंपनीने ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग मे २०२२ मध्ये खुला केला. मधल्या दहा वर्षांत लोकांना नोमोडसेट हा शब्द पाठ झाला. त्याचा विधी असा: संगणक सुरू होताना, कोणती प्रणाली चालवायची हे विचारणारी ग्रबची यादी येते, त्यातल्या पहिल्या नावावर असताना ई दाबावे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधून तिच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट लिहावे, मग एफ१० दाबावे. पडदा उजळतो, चिन्हे मोठमोठी आणि बसकी दिसतात, पण दिसतात. त्यानंतर खरा ड्रायव्हर टाकायचा. संगणकात सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हरवर सहीची किल्ली लागते, आणि ती नोंदवण्यासाठी पुढच्या रीस्टार्टच्या वेळी एक निळा पडदा येऊन दहा सेकंदांत कोणतेही बटण दाबायला सांगतो. रीस्टार्टला टाकून चहा ठेवायला गेलेल्या माणसाला हा पडदा कधीच दिसत नाही. त्याच्या लेखी ड्रायव्हर टाकला आणि चालला नाही.

एवढे झाले की सॉफ्टवेअर टाकता येते. विंडोजमध्ये सेटअपची फाइल उतरवून 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करतात. लिनक्समध्ये एपीटीसारख्या भांडारप्रमुखाला नाव सांगायचे, तो वस्तू आणि तिला लागणाऱ्या बाकीच्या वस्तू गोळा करून देतो. पद्धत मुळात चांगली आहे, किंबहुना विंडोजपेक्षा उजवी आहे. मोबाइलवरची ॲपची दुकाने पुढे याच वाटेने गेली. आज्ञेच्या आधी सुडो लावावे लागते, कारण सॉफ्टवेअर टाकणे हा मालकाचा अधिकार आहे. सुडो हा छोटासा प्रोग्रॅम १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात लिहिला गेला. काही ठिकाणी तो पहिल्या वापराच्या वेळी एक छोटे प्रवचन देतो: दुसऱ्याचे खासगीपण जपा, टाइप करण्यापूर्वी विचार करा, मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते. मग पासवर्ड मागतो. तो टाइप करताना बहुतेक डिस्ट्रोंत पडद्यावर टिंबसुद्धा उमटत नाही, म्हणून कीबोर्ड बिघडला असे समजून माणसे तो शेजारच्या खिडकीत टाइप करून पाहतात. ती खिडकी पुष्कळदा व्हॉट्सॲपची असते. डेबियन टाकताना रूटला, म्हणजे मालकाच्या खात्याला, वेगळा पासवर्ड दिला असेल तर नेहमीच्या खात्याला सुडोचा अधिकारच मिळत नाही; अशा खात्याने प्रयत्न केला तर सुडोच्या जुन्या आवृत्त्या या प्रकाराची तक्रार वर केली जाईल असे सुनावत. घरच्या संगणकात ती तक्रार रूटकडे, म्हणजे आरोपीकडेच जाते.

एपीटीचे पहिले उत्तर पुष्कळदा नकाराचे असते: कुलूप मिळाले नाही, ते अमुक क्रमांकाच्या प्रक्रियेच्या ताब्यात आहे. संगणक सुरू झाल्या झाल्या पाठीमागे आपोआप अपडेट चाललेले असतात आणि एका वेळी एकालाच भांडारात शिरता येते, इतकाच याचा अर्थ. पाच-दहा मिनिटे थांबले की काम होते. इंटरनेटवरचा सल्ला मात्र कुलपाची फाइलच उडवून टाका असा असतो, आणि तो मानला की थांबण्याची गरज उरत नाही, कारण त्यानंतर दोघेही एकाच वेळी भांडारात शिरतात आणि भांडार मोडते.

एपीटी किती ऐकते हे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये साऱ्या जगाने पाहिले. लिनस सेबॅस्टियन हा यूट्यूबवरचा प्रसिद्ध तंत्रज्ञ (टोरवाल्ड्स नव्हे, या क्षेत्रात लिनस दोन आहेत) पॉप ओएस या डिस्ट्रोवर खेळांसाठी लागणारे स्टीम टाकू पाहत होता. पॅकेजांच्या जुळणीत त्या दिवसांत एक चूक होती. एपीटीने सांगितले की हे टाकायचे तर अमुक अत्यावश्यक पॅकेजे काढावी लागतील, हे अपायकारक ठरू शकते, तरीही करायचे असेल तर 'येस, डू ॲज आय से' हे वाक्य जसेच्या तसे टाइप करा. त्याने ते टाइप केले. काढायच्या यादीत खुद्द डेस्कटॉप होता; तो गेला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उरली. 'होय, मी सांगतो तसे कर' असे माणसाकडून लिहून घेऊन केलेले काम म्हणून याला तोड नाही. त्यानंतर एपीटीच्या कर्त्यांनी नुसत्या या वाक्यावर काम होणार नाही अशी व्यवस्था केली.

भांडारात वस्तू जुनी असेल किंवा नसेलच, तर आणखी वाटा आहेत आणि त्यांनीच घोळ वाढवला आहे. उबुंटूवाल्यांचे स्नॅप, इतरांचे फ्लॅटपॅक, आणि एका फाइलीत सगळे सामावणारे ॲपइमेज. उबुंटू २२.०४ पासून एपीटीकडे फायरफॉक्स मागितले तरी हातात स्नॅपच पडते. अशाच सवयीला वैतागून मिंटने त्याआधीच, २०२० मध्ये, स्नॅपला दार बंद केले होते. या सगळ्यांची परिणती म्हणजे एकाच संगणकावर फोटो सुधारण्याचा एकच प्रोग्रॅम तीन ठिकाणांहून येऊन बसतो, तिघांच्या सेटिंग्ज वेगळ्या, आणि फाइलवर डबलक्लिक केले की नको असलेला उघडतो. पायथनवाल्यांची वेगळीच तऱ्हा. डेबियन १२ पासून पिप या त्यांच्या भांडारप्रमुखाकरवी थेट काही टाकू गेले की हे वातावरण दुसऱ्याच्या व्यवस्थापनाखाली आहे असे उत्तर येते, आणि तरीही हट्ट असेल तर आज्ञेला 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' ही पुस्ती जोडा असे सुचवले जाते. आपल्या एखाद्या सोयीला 'मोडतोड करा' इतके स्वच्छ नाव देणारा दुसरा धंदा नसेल.

आता त्रुटीसंदेश. लिनक्स खोटे बोलत नाही, पण विचारले तेवढेच सांगते. याचा अस्सल नमुना जुन्या ३२ बिटांच्या प्रोग्रॅमात सापडतो. फोल्डरची यादी मागितली तर फाइल तिथे दिसते. तिच्यावर बोट ठेवून ती चालव म्हटले तर उत्तर येते: अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही. पुन्हा यादी मागावी, फाइल आहे. पुन्हा चालवावी, फाइल नाही. खुलासा असा की प्रोग्रॅमला सुरू करून देणारी ३२ बिटांची दुसरीच एक फाइल ६४ बिटांच्या संगणकात टाकलेली नसते, आणि 'नाही' म्हटले ते तिच्याबद्दल. कोणती फाइल, हे सांगायचे राहून गेले. उलट डीमेसेज किंवा जर्नलसीटीएल या आज्ञांकडे चौकशी केली तर संगणक सुरू झाल्यापासूनचे प्रत्येक चिपचे आत्मचरित्र मिळते. त्यात लाल अक्षरांत बायोसच्या चुका नोंदलेल्या असतात. त्यांतल्या बहुतेक लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हापासूनच्या आणि पूर्णपणे निरुपद्रवी असतात. ज्या ओळीत खरे दुखणे आहे ती साध्या पांढऱ्या अक्षरांत असते.

मग संदेश जसाच्या तसा शोधायचा. उत्तर हमखास मिळते आणि हमखास २०१२ मधल्या आवृत्तीसाठी असते. त्यात अमुक फाइल संपादित करा असे लिहिलेले असते आणि ती फाइल विम या संपादकात उघडते. विममधून बाहेर कसे पडायचे हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लोवर २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. (एस्केप, मग विसर्गचिन्हासारखे कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.) परवानगी नाकारली असा संदेश असेल तर चीमॉड ७७७ हा रामबाण सुचवला जातो, म्हणजे सगळ्यांना सगळे करू द्या. हा बाण कोणी वैतागून मुळापासून सगळ्या फाइलींवर सोडला, तर सुडो काम करायचे थांबते, कारण ज्या वह्यांत कोणीही खाडाखोड करू शकतो त्यांवर त्याचा विश्वास नाही. ते दुरुस्त करायला सुडो लागते.

आज्ञेतली एक मोकळी जागा किती महाग पडते याचे अभिजात उदाहरण २०११ चे आहे. दोन ग्राफिक्स चिपांच्या लॅपटॉपांसाठी निघालेल्या बम्बलबी या प्रकल्पाच्या इन्स्टॉलरमध्ये यूएसआर या फोल्डरच्या आत खोलवर असलेली एक छोटी वस्तू पुसण्याची ओळ होती. यूएसआर शब्दापुढे चुकून स्पेसबार दाबला गेला होता. लिनक्सने ती ओळ दोन आज्ञा म्हणून वाचली: आधी अख्खे यूएसआर पुसा, मग उरलेल्या पत्त्यावर काही असल्यास पुसा. यूएसआरमध्ये जवळजवळ सगळे प्रोग्रॅम असतात. हीच गोष्ट घरगुती पातळीवरही चालते. 'किराणा यादी' नावाची फाइल अवतरणचिन्हांशिवाय पुसायला सांगितली, तर 'किराणा' आणि 'यादी' अशा दोन फाइली पुसण्याचा प्रयत्न होतो, आणि 'यादी' नावाची दुसरी एखादी खरोखरच असेल तर तिची काही धडगत नसते.

देवनागरीचे काम एरवी आता सोपे आहे. आयबस या टायपिंगच्या सोयीत मराठी इनस्क्रिप्ट जोडले की टाइप करता येते आणि ब्राउझर, लिब्रेऑफिस इथे अक्षरे नीट बसतात. कित्येक टर्मिनलांत मात्र वेलांट्या आणि जोडाक्षरे आपापली जागा सोडून उभी राहतात; दिसायला चुकले तरी फाइलीचे नाव आत बरोबर असते. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत टाइप केलेली लग्नपत्रिका उघडली तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. तो दोष लिनक्सचा नाही, तो फॉन्ट नसेल तर विंडोजमध्येही तीच दिसते. शिकायचे असल्यास आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत. सीडॅकने २००७ मध्ये डेबियनवर बेतलेली बॉस ही भारतीय भाषांची डिस्ट्रोही काढली.

आवाजाचे थोडक्यात. आवाज येत नसेल तर अल्सामिक्सर उघडावे. तिथे उभ्या पट्ट्या दिसतात आणि मास्टर किंवा हेडफोन या पट्टीच्या तळाशी एमएम अशी जोडी असते. त्या पट्टीवर जाऊन एम दाबावे, एमएमच्या जागी दोन शून्ये येतात आणि आवाज येतो. तत्पूर्वी पल्सऑडिओ ही ध्वनियंत्रणा काढून पाइपवायर ही दुसरी टाकणे, मग पाइपवायर काढून पल्सऑडिओ टाकणे, हे बहुतेकांचे करून झालेले असते.

राहिला प्रिंटर. खरे तर सुरुवातही त्याच्यापासूनच झाली. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमनला झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला की सर्वांना कळेल अशी सोय करायची होती. त्याचा सोर्स कोड मागितला, तर मिळाला नाही. त्या रागाचा पुढे विचार झाला, १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि लिनक्सच्या गाभ्याभोवतीची कितीतरी हत्यारे त्या प्रकल्पातून आली. एवढे सगळे प्रिंटरसाठी झाले, आणि प्रिंटरच सर्वांत शेवटी चालतो.

अलीकडचे, वायफायवर चालणारे प्रिंटर ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात. विंडोजपेक्षा लवकर, हेही मान्य करायला हवे. त्रास देतात ते आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे टिकलेले छोटे लेझर प्रिंटर, जे फक्त आपल्या कंपनीची भाषा बोलतात. त्यांच्यासाठी कंपनीचा ड्रायव्हर शोधून, ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर, छपाई सांभाळणाऱ्या कप्सचे पान उघडून प्रिंटर हाताने जोडावा लागतो. जोडला तरी कागद येत नसेल आणि प्रिंटरवरचा दिवा नुसताच लुकलुकत असेल, तर कागदाचा आकार तपासावा. तो लेटर ठेवलेला असतो. अमेरिकेतला हा आकार ए४ पेक्षा किंचित रुंद आणि आखूड आहे. तो कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळत नाही, पण प्रिंटर तोच येण्याची वाट पाहत थांबलेला असतो. सेटिंगमध्ये ए४ निवडून जतन करावे. दिवा स्थिर होतो, रांगेत अडकलेली कामे मोकळी होतात, आणि तासाभरात वैतागून जितक्या वेळा 'प्रिंट' दाबले असेल तितक्या प्रती, एकही न गाळता, बाहेर येतात.